‘काहीच नाही’ कुठे ठेवायचं?

आयफोनच्या ॲपमध्ये नाव, गाव, मोबाइल नंबर अशी माहिती हाताळायची तर प्रोग्रामर हटकून डिक्शनरी वापरतो. प्रत्येक नोंदीला एक ‘की’ आणि त्या कीखाली तिची व्हॅल्यू. ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत हवी तेव्हा बदलता येणारी डिक्शनरी म्हणजे एनएसम्युटेबलडिक्शनरी. ही आयफोनहून जुनी. स्टीव्ह जॉब्स यांनी 1985 मध्ये काढलेली नेक्स्ट कंपनी पुढे ॲपलने विकत घेतली, तिच्याबरोबर हा वारसा आला.

नोंदी कितीही असोत, हवी ती पटकन सापडते. डिक्शनरी यादी चाळत बसत नाही. कीवरून हॅश नावाचा आकडा काढते आणि त्यावरून खण ठरवते. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर बिल्ल्याचा नंबर बघून थेट खण गाठतात, तसंच. मागाहून की बदलली तर खणच चुकेल, म्हणून डिक्शनरी कीची स्वतःपुरती प्रत करून ठेवते. व्हॅल्यूची प्रत मात्र करत नाही.

इथवर सगळं सरळ. खरी गंमत व्हॅल्यूच नसते तेव्हा. समजा, सर्व्हरकडून आलेल्या नोंदीत मोबाइल नंबरच नाही. हाती येतं ‘निल’, म्हणजे काहीच नाही. ते ‘सेटऑब्जेक्ट’ने डिक्शनरीत टाकायला गेलात की ॲप जागच्या जागी क्रॅश. ‘सेटव्हॅल्यू’ वापरलंत तर क्रॅश टळतो, पण त्या कीखाली आधीचा नंबर असेल तर तो गुपचूप उडतो. आणि डिक्शनरीच तयार करायची राहिली असेल तर? मग तीच निल. ऑब्जेक्टिव्ह-सीत निलला काहीही सांगा, ते ऐकत नाही आणि तक्रारही करत नाही. कोड बिनबोभाट चालतो, साठत मात्र काहीच नाही. नवशिक्यांच्या रात्री जातात त्या इथेच.

रिकामी जागा मुद्दाम नोंदवायची तर एनएसनल आहे. पण त्याला मजकूर समजून लांबी विचारलीत की पुन्हा क्रॅश!

2014 मध्ये आलेल्या ॲपलच्या स्विफ्ट भाषेने निल कुठे येऊ शकतं हे आधीच लिहायला लावलं, त्यामुळे बऱ्याच चुका कंपायलरच पकडतो. तिथेही कीसमोर निल लिहिलं की नोंद जाते, एवढं जुनं वळण राहिलंच.

मला विचाराल तर क्रॅश परवडला. निदान चुकीची ओळ तरी सापडते. जुन्या कोडवर काम करत असाल तर निल आधी तपासा आणि सेटऑब्जेक्टच वापरा. क्रॅश लपवायला सेटव्हॅल्यू नको.