सरासरीचा पाऊस आणि हाडकीचे रान

‘यंदा सरासरीइतका पाऊस झाला’ असे पत्रकात वाचले की मी विचारतो, कोणाच्या रानात? मी भिंगारचा. आमचे गाव शहराला आणि छावणीला चिकटलेले. पण भोवतालची खेडी आजही आभाळाकडे पाहूनच पेरतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याची वार्षिक सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास.

तेवढ्यावर बाजरी येते. ती मरते खंडाने. मृगात पेरले, तरारून उगवले, आणि निसवण्याच्या वेळी तीन आठवडे थेंब नाही. पुढे दोन रात्रींत धो धो कोसळला की सरासरी भरते, कणीस भरत नाही. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, तेव्हा हेच झाले.

आता जमीन पाहा. खोल काळी जमीन उत्तरा-हस्ताचे पाणी पोटात साठवते, त्या ओलीवर शाळू निघतो. वीतभर मातीखाली मुरूम असेल, तर आठ-दहा दिवसांतच पीक माना टाकते. हे दुसरे रान कोणाच्या वाट्याला आले? माझ्या पाहण्यातले हाडकी-हाडवळे आणि गायरानाचे पट्टे बहुतेक असल्याच माळावर आहेत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाविषयीचे विधेयक मांडले. १९५८ च्या कायद्याने वतने गेली. मुरूम राहिला, आणि वारसांत वाटत वाटत गुंठ्यांवर आला. पाऊस जातिभेद पाळत नाही म्हणतात. जमिनीने तो आधीच पाळून ठेवला आहे!

भरपाईही कागद पाहून येते. पीकविमा महसूल मंडळाच्या हिशेबाने चालतो. अनेक गावांमागे एक पर्जन्यमापक, आणि पाऊस तर बांधाबांधाला वेगळा. वाटेकऱ्याला विम्यात मज्जाव नाही, पण करार कागदावर हवा. तो सातबारावाला सहसा करून देत नाही, कारण कूळकायद्याची धास्ती अजून त्याच्या मनातून गेलेली नाही.

शेतमजुराचे तर पीकच नसते. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला बसली, त्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला व १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, हे त्याचे मर्म. दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहण्याची अट त्यात नव्हती. कारण खंड पडला की खुरपणी थांबते आणि बाईचा रोज त्याच आठवड्यात बुडतो. पैसेवारी लागते ती काढणीच्या सुमारास.