परक्या गाडीवरून उतरल्यावर

मित्राची नवी गाडी घाटात तासभर चालवायला मिळते. खाली आल्यावर आपण आपल्या जुन्या गाडीवर बसतो, क्लच सोडतो आणि पहिल्या चौकापर्यंतच काहीतरी बिनसल्यासारखं वाटायला लागतं. हँडल अरुंद, ब्रेक बोथट, इंजिन दमलेलं. सकाळी निघताना हीच गाडी ठणठणीत होती. अशा वेळी मनात जे निष्कर्ष निघतात त्यांतले बरेच चुकीचे असतात. त्यांच्यापायी लोक चांगली गाडी विकून टाकतात, गरज नसताना इंजिन उघडायला लावतात, नाहीतर खरोखर झिजलेल्या गाडीवर निर्धास्त फिरत राहतात. हे तिन्ही प्रकार मी आसपास सतत पाहतो. त्यातला शेवटचा जिवावर बेतणारा आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

‘मोठी गाडी चालवली की आपली मनातून उतरते’

उतरते हे खरं, पण ती किती वेळ उतरलेली राहते ते पाहायला हवं. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी प्रिझम वापरून एक प्रयोग केला होता. डोळ्यांवर असं भिंग लावलं की समोरची वस्तू थोडी बाजूला सरकलेली दिसते. हात पुढे केला तर नेम चुकतो. काही वेळा हात नेल्यावर मात्र तो बरोबर जायला लागतो. मग भिंग काढलं, की नेम पुन्हा चुकतो आणि तोही उलट्या बाजूला! वस्तू जागची हललेली नसते. हाताने मधल्या वेळात नवा अंदाज बसवलेला असतो.

दुचाकीवर हेच घडतं. मनगट किती पिळलं की किती जोर मिळतो, दोन बोटांनी लिव्हर किती दाबली की गाडी किती आवरते, कंबर किती कलली की वळण कापलं जातं, हे सगळं शरीर तासाभरात नव्याने शिकतं. मग आपल्या गाडीवर बसल्यावर ते परक्या गाडीचं माप लावतं. जे मिळतं ते अपेक्षेपेक्षा कमी असतं आणि त्या कमतरतेलाच आपण गाडीचा दोष समजतो.

वेगाचंही तसंच. आपल्याला वेग मुख्यतः छातीवरचा वारा, आवाज, थरथर आणि बाजूने मागे पळणारा रस्ता यांवरून कळतो. पुढे काच किंवा फेअरिंग असलेली, शांत इंजिनाची गाडी यातल्या बऱ्याच खुणा झाकून टाकते. म्हणून तिच्यावर ८० सावकाश वाटतात आणि उघड्या गाडीवर ६० सुसाट. शिवाय बराच वेळ वेगात चालवल्यावर कोणताही कमी वेग आहे त्याहून कमी भासतो. महामार्गावरून गावात शिरताना लोक ५० ला आलो असं समजून ६५ ने येतात, त्यामागे बेफिकिरीइतकाच हा भास असतो. तिथे काट्याकडे पाहावं, मनाला विचारू नये.

हा परिणाम टिकाऊ नाही. ओळखीच्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं आपली गाडी चालवली की शरीर पूर्वीच्या मापावर येतं. तोपर्यंत गाडीबद्दल कोणताही निर्णय घेऊ नये.

‘सीसी जास्त म्हणजे ताकद जास्त’

हा समज मोडायला दोन ओळखीच्या गाड्या पुरतात. रॉयल एनफिल्डची २०२१ पासूनची क्लासिक ३५० आहे ३४९ सीसीची आणि चाकणला बजाजच्या कारखान्यात बनलेली, २०१७ च्या अवतारातली केटीएम ३९० ड्यूक आहे ३७३ सीसीची. सीसीमध्ये फरक अवघा २४ चा, पण क्लासिक २०.२ बीएचपी देते आणि ड्यूक जवळपास ४३. दुप्पटीहून अधिक!

कारण पिस्टनच्या प्रवासात आहे. क्लासिकच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि पिस्टनचा वर-खाली पल्ला ८५.८ मिलिमीटर. ड्यूकचा व्यास ८९ आणि पल्ला फक्त ६०. पल्ला आखूड असल्यामुळे ड्यूकचं इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर आपली पूर्ण ताकद देतं, क्लासिकचं ६,१०० वर. आता दोघांच्या पिस्टनचा सरासरी वेग काढून पाहा. क्लासिकचा पिस्टन सेकंदाला सुमारे १७.४ मीटर धावतो, ड्यूकचा १८. म्हणजे जवळजवळ सारखाच. क्लासिक ‘आळशी’ आणि ड्यूक ‘चपळ’ हे आपल्या कानांचं मत झालं. धातूला दोन्हीकडे सारखंच पळावं लागतं. फक्त एक लांब ढांगा टाकते आणि दुसरी आखूड.

त्याचा मोबदला क्लासिक दुसरीकडे देते. तिचा २७ न्यूटन मीटरचा टॉर्क ४,००० फेऱ्यांवरच हातात येतो. ड्यूकचा ३७ न्यूटन मीटरचा टॉर्क मिळायला इंजिन ७,००० पर्यंत न्यावं लागतं. मागे माणूस बसवून आंबा घाट चढताना गिअर न बदलता ओढत राहणं ज्याला आवडतं, त्याला आकड्यांत हरलेली गाडी अधिक सुखाची वाटू शकते आणि त्याचं काही चुकत नाही.

या जोडीवरून स्वतःच्या गाडीकडे पाहिलं की उपयोगाची गोष्ट कळते. समजा तुमच्याकडे पल्सर १५० आहे. ती १४ अश्वशक्ती देते ८,५०० फेऱ्यांवर आणि तिचा कमाल टॉर्क आहे १३.२५ न्यूटन मीटर, ६,५०० वर. ४,५०० फेऱ्यांवर गिअर टाकत राहिलात, तर हिशोबानेच ती साडेआठ अश्वशक्तीच्या वर जाऊ शकत नाही. बुलेट चालवून आलेला माणूस नेमकं हेच करतो. बुलेटच्या तालावर लवकर गिअर बदलतो आणि ‘माझ्या गाडीला पिकअप नाही’ म्हणतो. उलट ड्यूक चालवून आलेल्याला पहिल्यांदा शोध लागतो की आपली पल्सर ७,००० च्या पुढे वेगळीच गाडी आहे. वर्षानुवर्षं आपण तिच्या त्या भागात गेलेलोच नसतो. परक्या गाडीचा मला दिसणारा सर्वांत मोठा फायदा हा. आपलीच गाडी चालवायची दुसरी रीत ती शिकवते.

एक गोष्ट मात्र रीत बदलून सुटत नाही, ती म्हणजे वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. ८० वरून १०० ला जायचं तर केवळ हवेसाठी जवळपास दुप्पट ताकद लागते. म्हणून ८ बीएचपीची, ११२ किलोची स्प्लेंडर ५० ला अगदी निवांत असते आणि ८० च्या पुढे धापा टाकते. तिच्यात बिघाड नाही. महामार्गावर मोठी गाडी चालवून आल्यावर स्प्लेंडरला नावं ठेवणाऱ्यांनी ही तुलना शहरातल्या रस्त्यावर पुन्हा करून पाहावी.

‘थरथरते ती दमदार’

थरथर होते ती वर-खाली होणाऱ्या पिस्टनच्या असंतुलित वजनामुळे. त्याचा ताकदीशी संबंध नाही. क्लासिकच्या नव्या इंजिनात ही थरथर मारायला बॅलन्सर शाफ्ट दिला आहे. जुनी कास्ट आयर्न बुलेट वापरणाऱ्यांना नवीत ‘जीव नाही’ असं वाटतं. त्यांचं प्रेम मला समजतं, पण लांबच्या प्रवासात बोटं बधिर न होणं हा निव्वळ फायदा आहे.

‘माझी गाडी होती तशीच आहे’

सगळ्यांत घातक समज हाच, कारण ज्या सवयीमुळे परकी गाडी तासाभरात आपली वाटते, तीच सवय आपल्या गाडीची झीज लपवते. बदल हळू असेल तर इंद्रियांना तो कळतच नाही. रोजचा फरक जाणवण्याच्या उंबरठ्याखाली राहतो आणि दोन वर्षांत त्याची बेरीज मोठी होते.

कोनसेट घ्या. हँडलच्या दांड्यातल्या या बेअरिंगच्या गोळ्या, गाडी बहुतेक वेळ सरळ चालत असल्याने, एकाच जागी खड्डे पाडतात. मग हँडल मधोमध किंचित अडकतं. कमी वेगात गाडी डावी-उजवीकडे भरकटते आणि आपण नकळत सतत बारीक दुरुस्त्या करत राहतो. संध्याकाळी खांदे दुखतात, त्याचं खापर रस्त्यावर फुटतं. तपासायला दोन मिनिटं लागतात. गाडी मेन स्टँडवर घ्या, कुणाला तरी मागे दाबायला सांगून पुढचं चाक उचला आणि दोन बोटांनी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्ये खाच लागली तर कोनसेट संपला.

मागचा टायर सरळ महामार्गावर झिजून मधोमध सपाट होतो. गोलाई गेली की वळणावर गाडी हळूहळू कलत नाही, एका कडेवरून कोसळल्यासारखी कलते. नव्या टायरची गाडी ताम्हिणी घाटात चालवून आल्यावर हे लख्ख जाणवतं. पुढच्या शॉकअपमधलं तेल पातळ होऊन ब्रेक मारताना पुढचा भाग खोल बसतो. ब्रेकचे लायनर झिजतात तशी आपण दर महिन्याला लिव्हर थोडी जास्त दाबायला शिकतो. क्लच प्लेट गेल्यावर आवाज वाढतो, वेग वाढत नाही.

यातलं बरंचसं लोक ‘इंजिनाचं काम आलं’ या एका वाक्यात बसवतात. आधी स्वस्तातल्या गोष्टी पाहाव्यात. गाडी गार असताना मॅन्युअलप्रमाणे टायरमधली हवा. ती कमी असली तर हँडल जड लागतं आणि ॲव्हरेज पडतं. मग चेन. बहुतेक गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील लागते. ती फार सैल किंवा फार ताठ असली, किंवा स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले असले, तर गाडी ॲक्सिलेटरला झटके देते. मग चाक हाताने फिरवून ब्रेक घासतोय का ते. मग एअर फिल्टर. एवढं झाल्यावरही पिकअप नसेल तर इंजिनाकडे वळावं.

‘एबीएसवाली गाडी जास्त चांगली थांबते’

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि १२५ पर्यंतच्यांना निदान सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी यंत्रणा, बंधनकारक झालं. एबीएस ब्रेकची पकड वाढवत नाही. चाक जाम होऊन घसरू नये एवढंच ते पाहतं. बऱ्याच मधल्या गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक जाम होऊ शकतं.

धोका परतताना आहे. एबीएसवर लिव्हर पूर्ण आवळायची सवय लागली आणि जुन्या गाडीवर ओल्या रस्त्यात तेच केलं, तर पुढचं चाक अडकून गाडी क्षणात आडवी होते. म्हणून कोणत्याही गाडीवर पुढचा ब्रेक झटक्याने न मारता चढत्या दाबाने दाबावा. त्याला घाबरून तो सोडूनही देऊ नये. ब्रेक मारताना वजन पुढे येतं, त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढचंच चाक करतं. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. तिच्यावरून थेट नव्या गाडीवर बसताना पहिली काही मिनिटं रिकाम्या रस्त्यावर घालवावीत. घाबरल्या क्षणी पाय जुन्याच जागी जातो.

जड गाडी म्हणजे स्थिर गाडी, हाही समज असाच ऐकीव आहे. गाडी सरळ धरून ठेवण्यात दोन चाकांमधलं अंतर, पुढच्या फोर्कचा कल आणि चाकाचा आकार यांचा वाटा मोठा असतो. क्लासिकचं पुढचं चाक १९ इंची, ड्यूकचं १७. ड्यूकनंतर क्लासिक वळायला हट्टी वाटते ती केवळ वजनाने नव्हे.

‘टेस्ट राइडमध्ये सगळं कळतं’

शोरूमच्या भोवती दहा मिनिटं फिरून नावीन्य तेवढं कळतं. शरीराचा अंदाज बसायच्या आत फेरी संपते. मऊ सीट पहिल्या दहा मिनिटांत सुखाची वाटते, दोन तासांनी तीच टोचते. काट्यांची तुलना तर करूच नये. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा नियम असल्याने बहुतेक थोडं जास्तच दाखवतात, आणि किती जास्त ते प्रत्येक गाडीचं वेगळं. पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासलेलं ॲव्हरेज ठरावीक चक्रात, रोलरवर मोजलेलं असतं. त्यात तुमचा घाट नाही आणि तुमच्या मागे बसणारा माणूसही नाही.

गाड्यांची अदलाबदल करायचीच तर ती दोन्ही बाजूंनी करावी. आपण मित्राची गाडी चालवतो तेव्हा त्याला आपली द्यावी, कारण आपल्या गाडीची जी खोड आपल्याला दोन वर्षं कळली नाही ती त्याच्या हातांना पहिल्या किलोमीटरला कळते. त्याला तिथेच थांबवून विचारावं: हँडल एका बाजूला ओढतं का, मागचा ब्रेक किती खाली जातो, गिअर बदलताना काय जाणवलं. परत येईपर्यंत वाट पाहू नये. तेवढ्या वेळात त्यालाही तिची सवय झालेली असते.