पऱ्हाटीचे फूल काढताना

माजी विद्यार्थ्यांना स्मरत असेल, चित्रकलेचा तास रिकामा असला की तो इतिहासाच्या शिक्षकाकडे येत असे. मी चित्रकार नाही. परंतु त्या तासांत मुलांसोबत मीही फुले रंगवायला शिकलो. ज्यांना नव्याने ब्रश हाती घ्यायचा आहे, मग ते पाल्य असोत वा पालक, त्यांच्यासाठी तो अनुभव येथे मांडीत आहे.

'फूल काढा' म्हटले की बहुतेक वह्यांत एकच फूल उमटते : मध्ये गोल, भोवती पाच सारख्या पाकळ्या, खाली सरळ काडी. हे पाहिलेले फूल नव्हे, पाठ केलेले फूल होय. म्हणून एकदा पोळ्याच्या सुमारास मी वर्गात पऱ्हाटीची फुलारलेली फांदीच आणली. निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील कापूस वेचायला जाणारे. तरी एका मुलीने विचारले, "सर, हे फूल चित्रात काढतात का?" गुलाब चालतो, कमळ चालते, आईच्या कामाच्या जागी फुलणारे फूल मात्र चित्राच्या योग्यतेचे नाही, हे तिला कोणी शिकवले असेल?

नवशिक्याने पहिली पाच मिनिटे पेन्सिल खाली ठेवावी आणि फूल फिरवून पाहावे. पऱ्हाटीच्या फुलाला पाच पाकळ्या असतात, पण प्रत्येकीची एक कड शेजारणीखाली दडलेली असते, भिंगरीच्या पात्यांसारखी. खाली दातेरी कडांची तीन हिरवी पाने फुलाला धरून असतात. शेतकरी ज्या कळीला 'पाती' म्हणतो, तिचा आकार याच पानांनी घडतो. सकाळी उमलताना फूल फिके पिवळसर असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटते. त्यामुळे एकाच झाडावर दोन रंगांची फुले दिसतात.

समोरून फुलाचे तोंड वर्तुळ दिसते, बाजूने लंबवर्तुळ. हा फरक हाताला कळला की अर्धे काम झाले. प्रथम देठाची वाकडी रेघ, तिच्या टोकावर लंबवर्तुळ, त्यात पाकळ्यांच्या कडा. सर्व रेघा फिक्या ठेवाव्यात, कारण जलरंगाखालून गडद पेन्सिल डोकावते. पांढरा रंग घेऊ नये. कागदच तेवढा कोरा राखावा. फिका पिवळा भरपूर पाण्यात पसरावा, पूर्ण वाळू द्यावा आणि मगच पाकळ्यांच्या खोलगट भागात गडद छटा द्यावी. मुलांचे चित्र बिघडते ते बहुधा येथेच : ओल्यावर ओले चढते आणि चिखल होतो. माझेही पुष्कळ कागद असे वाया गेले.

अजिंठ्याच्या सहलीत मुले पद्मपाणीपाशी थांबतात. मी त्यांना मान वर करायला सांगतो. पहिल्या व दुसऱ्या लेण्यांच्या छतांवर चौकटी-चौकटींत कमळे, वेली, फळे आहेत. चित्रकारांनी आधी गेरूच्या रेघेने आकार बांधला, मग रंग भरले आणि शेवटी कड पुन्हा पक्की केली. गेरू, पिवळी माती, काजळी असे त्यांचे रंग साधेच. निळा दगड तेवढा दुरून आलेला. मुंबईच्या कलाविद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून या चित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्यांतील पुष्कळ १८८५ मध्ये लंडनला आगीत जळाल्या. प्रतिकृतीने हात तयार होतो, हे मान्य. पण छतावर कमळ काढणाऱ्याने ते तळ्यात पाहिले असले पाहिजे, असे त्या रेषा पाहताना मला नेहमी वाटते. कॅलेंडरवरील गुलाब उतरवणाऱ्या मुलाने काय पाहिलेले असते?

त्या मुलीने पुढे तीन फुले काढली. एक पिवळे, एक गुलाबी. तिसऱ्याच्या पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या, ते उमललेच नव्हते. मला वाटले, जमले नसेल. ती म्हणाली, "सर, ही डोमकळी आहे. हिच्या आत गुलाबी बोंडअळी असते. आमच्या बाबांनी दाखवली होती. खोडू का?"

मी म्हणालो, "राहू दे."