साप दिसला की आधी काठी नको

पाऊस लागला की वस्तीत "साप, साप" असा ओरडा ठरलेलाच. मागच्या वर्षावासात विहारात आरोग्याची बैठक चालू असतानाही असाच गलका झाला. आम्ही बाहेर येईपर्यंत पोरांनी सहा फुटी धामण ठेचून टाकली होती. धामणीला विष नसते. ती उंदीर खाऊन जगते. ज्या भिंतीलगत ती मारली, त्याच घरात विटांच्या ढिगाला लागून चार लेकरे जमिनीवर झोपत होती. काळजीची गोष्ट ती होती, पण तिकडे कुणाचे लक्ष नव्हते.

आम्ही नर्सची नोकरी करत होतो तेव्हाची एक पहाट आठवते. बारा वर्षांच्या मुलीला आईने आणले. पोट दुखते, एक उलटी झाली, एवढेच सांगणे. अंगावर व्रण नाही, सूज नाही. पित्त असेल म्हणून आम्ही तिला बाकावर बसवले. तासाभरात तिच्या पापण्या उघडेनात, जीभ जड झाली, तेव्हा लक्षात आले की रात्री झोपेत मण्यार चावली आहे. लस दिली, नळी घालून श्वास द्यावा लागला. मुलगी वाचली. पण तो तास आम्ही घालवला, हे विसरता येत नाही.

मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश बहुधा दुखत नाही, मुंगी चावल्यासारखा वाटतो. रंग काळा चकचकीत, अंगावर पांढरे बारीक पट्टे, बहुतेक जोडीजोडीने. हे पट्टे मानेच्या बरेच मागून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. तिच्यासारखाच दिसणारा कवड्या बिनविषारी असतो. तो तपकिरी, त्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. पण चिमणीच्या उजेडात हा फरक कुणाला कळतो? पट्ट्यांचा साप हाताने उचलायचा नाही, एवढे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

घोणस जाडजूड, तपकिरी. पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन ओळी, आणि जवळ गेले तर कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. अजगराचे पिल्लू समजून तिला उचलणारे आम्ही पाहिले आहेत. नाग फणा काढतो तेव्हा पोरही ओळखते, पण फणा मिटलेला नाग धामणीसारखाच वाटतो. कोकणातल्या वाचकांना फुरसे वेगळे सांगायला नको: हातभर लांबीचे, वेटोळे घालून खवले घासत करवतीसारखा आवाज करणारे. नालीत दिसणारा चौकड्यांचा दिवड चावरा असतो, पण बिनविषारी.

अंगणात साप दिसला तर पोरे, कोंबड्या, कुत्रे बाजूला घ्या. आठ-दहा फुटांवर एकाने उभे राहून नजर ठेवावी, कारण दिसणाऱ्या सापापेक्षा नजरेआड झालेला साप जास्त झोप उडवतो. त्याची वाट अडवू नका; पुष्कळदा तो आपणहून निघून जातो. खोलीत शिरला असेल तर बाहेर येऊन दार लावा, खालच्या फटीत ओले पोते कोंबा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. रॉकेल, फिनेल ओतू नका. पकडलेला नाग गळ्यात घालून फोटो काढणारा सर्पमित्र असेल तर त्याला पुन्हा बोलावू नका. बहुतेक दंश साप मारताना किंवा हाताळताना नव्हे, तर न दिसता पाय किंवा हात पडल्याने होतात, पण ओढवून घेतलेला दंश तर टाळता येतोच. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप मारणे, पाळणे गुन्हा आहे.

विटा, लाकूडफाटा, गोवऱ्या भिंतीपासून लांब रचा. खरकटे उघड्यावर पडले की उंदीर येतात, उंदरामागे साप. कचऱ्याची गाडी आपल्या गल्लीत येत नसेल तर त्यासाठी अर्ज करणे हाही सापाचाच बंदोबस्त आहे. खाट नसली तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी नीट खोचा. रात्री बाहेर जाताना टॉर्च हवीच.

हे ओळखणे अंगणापुरते. साप चावल्यावर त्याची जात शोधत बसू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून दवाखान्यात आणायची गरज नाही. जोडवी, बांगड्या, काळा दोरा लगेच काढा. जखम कापू नका, चोखू नका, वर घट्ट बांधू नका. हातापायाला फळी लावून ओढणीने सैल बांधा, १०८ ला फोन करा. गाडी येत नसेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. कडुलिंबाचा पाला कडू लागतो का, हे बघण्यात वेळ जातो. मांत्रिकाकडेही तोच जातो. दवाखान्यात रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवून गोठते का पाहतात. ती तपासणी झाली का, विचारा. त्रास दिसला नाही तरी चोवीस तास तिथेच थांबा. आणि पावसाळ्यात सकाळी उठलेल्या लेकराचे पोट दुखत असेल, पापण्या जड असतील, तर "रात्री जमिनीवर झोपला होता" हे डॉक्टरांना आधी सांगा.

२००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यातली. राज्याच्या शेतकरी अपघात योजनेत अशा मृत्यूनंतर दोन लाख रुपये मिळतात, पण त्यासाठी सातबारा लागतो. दुसऱ्याच्या रानात खुरपणाऱ्या आपल्या भूमिहीन बाईचे घर त्यात बसत नाही. ही मागणी मोर्चात मांडायची आहेच. तोवर मे महिन्यातच चार-पाच बायांनी मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि सर्पदंशाच्या लशीच्या किती कुप्या शिल्लक आहेत, ते विचारा. एका रुग्णाला सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात, लहान मुलालाही तेवढ्याच. "आहेत दोन-तीन" असे उत्तर आले तर तिथेच बसून लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.