खाडा एका दिवसाचा, पगार कापला दोन दिवसांचा



२०२५ साली दरफाळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर, गुरुवारी आला होता, २ ऑक्टोबरला. आमच्या नात्यातला एक मुलगा ब्लॅकटाउनमध्ये एका ऑफिसात महिन्याच्या पगारावर आहे. त्याची भरपगारी रजा संपली होती, म्हणून तीन आठवडे आधी साहेबांना विचारून त्याने बिनपगारी सुट्टी घेतली. उपास केला, सिनेगॉगमध्ये बसला, शुक्रवारी कामावर हजर. महिनाअखेर पेस्लिप बघतो तर दोन दिवसांचा पगार कापलेला! विचारले तर म्हणे, एक दिवस गैरहजेरीचा आणि एक दिवस कामाचा खोळंबा झाला त्याचा. घरचे म्हणाले, जाऊ दे रे बाबा, नोकरी सांभाळ. आपल्या लोकांची ही जुनीच खोड.

आम्हाला मात्र वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला मुंबईच्या गिरण्यांतला ‘डबल खाडा’ आठवला. मुलांनो, खाडा म्हणजे कामावर न जाणे. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या पुष्कळ गिरण्यांत एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापीत. पुढे १९३६ चा ‘पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट’ आला आणि जितका वेळ गैरहजर तितकेच पैसे कापायचे असे ठरले. त्यातही एक मेख होतीच. दहा किंवा जास्त कामगार संगनमताने, नोटीस न देता, सबळ कारणाशिवाय घरी राहिले तर आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापता येई. आमच्या उमेदीच्या काळात हॉस्पिटलच्या मस्टरवर तीन लाल लेट मार्क पडले की एक रजा जायची. नाइट ड्यूटीनंतर दोन तास जास्त थांबलो तर त्याला कुठलीच शाई नव्हती!

असो. आपले पूर्वज कोकणात शनवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणत. त्या दिवसाची कमाई बुडे ती ते सोशीत, पण रविवारी गाळलेल्या तेलाचे पैसे त्यांचे त्यांना मिळत.

ऑस्ट्रेलियाचा फेअर वर्क ॲक्ट, २००९ चा, साधारण हेच सांगतो. काम केले नाही आणि रजाही शिल्लक नाही, तर त्या वेळेचा पगार नाही, हे इथेही मान्य. पण केलेल्या कामाचा पगार पुरता दिलाच पाहिजे. त्यातून कापायचे तर तुमची लेखी संमती हवी आणि ते मुख्यतः तुमच्या फायद्याचे हवे, नाहीतर कायद्याचा, कोर्टाचा किंवा अवॉर्डचा आधार हवा. दंड म्हणून मनाला येईल तसे कापता येत नाही. नातवंडे दुकानात काम करतात, गल्ल्यात पैसे कमी भरले की त्यांच्या पगारातून वळते करतात, त्यालाही हाच नियम. शिवाय अठरा वर्षांखालच्या मुलाचा पगार कापायचा करार असेल तर त्याला आईबापांची किंवा पालकाची लेखी संमती लागते.

संपाची गोष्ट निराळी. बेकायदा संप एक तासाचा असला तरी चार तासांचा पगार कापावाच लागतो.

आजारपणासाठी पूर्णवेळ नोकराला वर्षाला १० दिवस भरपगारी रजा असते, उरलेली पुढच्या वर्षात जाते. साहेब डॉक्टरचा दाखला मागू शकतात. कॅज्युअल कामाला ही रजा नाही, बदल्यात दर साधारण २५ टक्के जास्त. अमेरिकेतले नातेवाईक सांगतात की तिकडे काही वर्गाच्या पगारदारांचा दोन-चार तासांच्या गैरहजेरीसाठी पगार कापता येत नाही. इथे तसे नाही, पण तेवढे तास शिल्लक रजेतून घेता येतात. सणासाठी वेगळी रजा कायद्यात नाही, वर्षाच्या चार आठवड्यांतूनच ती काढावी लागते. मात्र योग्य कारणाशिवाय ती नाकारता येत नाही.

आम्ही त्या मुलाला म्हटले, भांडू नकोस, लिहून विचार. त्याने दोनच ओळी लिहिल्या: दुसरा दिवस कोणत्या कलमाखाली कापला, कृपया कळवावे. उत्तर आले नाही, पण पुढच्या पेस्लिपमध्ये तो दिवस परत आला. आला नसता तर फेअर वर्क ऑम्बुड्समन होतेच, फोन १३ १३ ९४. इंग्रजीची अडचण असेल तर १३ १४ ५० वर दुभाषा मिळतो. बुडालेला पगार सहा वर्षांपर्यंत मागता येतो, म्हणून पेस्लिपा फेकू नका.

२०२६ चा किप्पूर सोमवारी, २१ सप्टेंबरला. त्याचा रजेचा अर्ज पोराने जानेवारीतच दिला, आणि या खेपेस लेखी.