म्हातारपण म्हणून सोडू नका, रक्त तपासा!

दवाखान्यात दाखल केलेले आजोबा नातवाला ओळखत नाहीत. आजी रात्री भलतेच बरळते, जेवल्याचेही विसरते. घरचे म्हणतात, 'साठी बुद्धी नाठी!' कुणी देवऋषी सुचवतो. परंतु अशा वेळी पुष्कळदा अंगात रक्तच कमी असते, याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

रक्तातील हिमोग्लोबिन मेंदूला प्राणवायू पोचवते. ते पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ ग्रॅमच्या खाली गेले, तर जागतिक आरोग्य संघटना त्यास रक्तक्षय मानते. रक्तक्षय असलेल्या वृद्धांत विसराळूपणा व गोंधळलेपणा अधिक आढळतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

आपल्या कष्टकरी माणसांनी जन्मभर ऊसतोड, मोलमजुरी केली. स्वतःच्या ताटात शेवटी उरेल तेच घेतले. त्यात गुडघेदुखीवर दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व घटू शकते. मग हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, स्मृती मंदावते. हे जीवनसत्त्व अंडी, मांस, मासे व दुधातून मिळते.

ही लक्षणे ओळखायला डॉक्टरच व्हावे लागते असे नाही. आपल्याच नगर जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेथे निरक्षर, दलित भगिनीही शिकून गावाच्या आरोग्यसेविका झाल्या. मग आपल्या शिकलेल्या मुलामुलींना आजीचा केसपेपर वाचणे का जमू नये?

डॉक्टरांना विचारा : हिमोग्लोबिन किती? कशामुळे कमी झाले? बी-१२ आणि लोह तपासले का? राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. मनाने गोळ्या मात्र देऊ नका. नुसत्या फॉलिक ॲसिडने बी-१२ची उणीव झाकली जाते आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते. रक्त वाढले म्हणजे प्रत्येकाची स्मृती परत येईलच, असेही नाही. जंतुसंसर्गाने, शरीरातील मीठ घटल्यानेही माणूस एकाएकी भ्रमिष्ट होतो. म्हणून कारण शोधणे महत्त्वाचे.

तथागतांनी आजारी, एकाकी भिक्खूला स्वतःच्या हातांनी स्वच्छ केले आणि संघाला शुश्रूषेची शिकवण दिली. आपण त्यांचे अनुयायी. दवाखान्यात जाताना डब्याबरोबर हे प्रश्नही घेऊन जा.