रेट्रोमधून नेमकं काय गळलं?

मागच्या भागात कबूल केल्याप्रमाणे आज रेट्रोबद्दल. म्हणजे आपली दर दोन आठवड्यांची मीटिंग: काय छान झालं, काय बिनसलं, पुढे काय करायचं. तीन रकाने, अर्धा तास, संपलं.

मूळ प्रकार असा नव्हता. नॉर्म कर्थ यांचं पुस्तक २००१ सालचं. त्यांचा रेट्रो प्रोजेक्ट संपल्यावर, ऑफिसबाहेर, दोन-तीन दिवस चालायचा. सुरुवातीलाच गुप्त मतदान: इथे मोकळेपणाने बोलता येईल असं तुम्हाला कितपत वाटतं? आकडे कमी आले तर आधी त्यावर उपाय, मग बाकीचं. २००६ मध्ये एस्थर डर्बी आणि डायना लार्सन यांच्या पुस्तकाने तो दर स्प्रिंटला जमेल इतका छोटा केला, पण पाच टप्प्यांतला पहिला टप्पा वातावरण तयार करण्याचाच ठेवला. टेम्प्लेटवाल्यांनी नेमका तोच उडवला. त्यातून बोर्डवर चिकटवायला काही निघत नाही ना!

छोटं करणं वाईट नाही बरं का, तीन दिवस देणार कोण?

पण माझ्या पहिल्या कंपनीत एका ज्युनिअर मुलीने 'बिनसलं'खाली लिहिलं, टेस्टिंगला वेळच मिळत नाही. मॅनेजर समोरच. अप्रेझलमध्ये तिला ऐकवलं, "तुझा सूर निगेटिव्ह असतो." पुढच्या रेट्रोला त्या रकान्यात एकच चिठ्ठी: एसी फार गार आहे.

आता मी रेट्रो घेतो तेव्हा आधी एक ते पाच आकड्यांच्या निनावी चिठ्ठ्या गोळा करतो. गेल्या वेळी दोघांनी 'दोन' लिहिलं. मग रकाने उघडलेच नाहीत. आधी आमच्या मॅनेजरना चहाला पाठवलं.